तांदूळ सरकारी नाही

मी सरकारी पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये खोबरेल तेल ओतलं.

थेंबभर नाही, ओतलंच. नुकताच पीएसआय झालो होतो, कमरेला पिस्तूल आलं होतं आणि वार्षिक गोळीबारात जिल्ह्यात पहिला येणार असं दिसेल त्याला सांगून बसलो होतो. आदल्या दिवशी ठाण्यात पिस्तूल पुसायला घेतलं तर हत्याराचं तेल संपलेलं. माझ्या टेबलाच्या खणात खोबरेलाची बाटली कायम असायची, कारण त्या काळी मला केस होते आणि केसांचा गर्वही होता. म्हटलं, तेल ते तेल. यंत्राला काय कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळबाहेरच्या फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानात, आम्ही रांगेत उभे राहिलो. डिसेंबर महिना, तोंडातून वाफा निघत होत्या. थंडीत खोबरेल तेल थिजतं हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या घरी तर आई हिवाळाभर ती बाटली उन्हाच्या मागे मागे अंगणात सरकवायची. हे सगळं ज्ञान नेमकं त्या दिवशी रजेवर गेलं होतं. हुकूम झाला, मी पहिली गोळी झाडली. बरी लागली. दुसऱ्यांदा ट्रिगर ओढला आणि नुसतं ‘टक’ झालं. स्लाइड मागे ओढून सोडली, पुन्हा टक. मी पिस्तुलाकडे असं पाहिलं की जणू त्यानं माझं नाव बुडवलं, आणि ते पाहण्याच्या नादात नळी वळायला लागली.

“नळी समोर,” मागून एका बाईचा आवाज आला. “टार्गेट समोर हाय साहेब, मानसं बाजूले हायेत.”

आवाजाची मालकीण पुढे आली. बुटकी, जाड चष्म्याची, केस करकचून बांधलेले. तिनं माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढलं, चेंबर पाहिलं. मग मॅगझिनच्या तोंडात करंगळीचं नख घातलं. नखावर पांढरं लोण्यासारखं काहीतरी आलं. तिनं ते नाकाजवळ नेलं.

“साहेब,” ती म्हणाली, “आता याची वेणी घालू का?”

हसायचा हुकूम नव्हता म्हणून कोणी हसलं नाही. फक्त पन्नास माणसांना एकदम खोकला झाला. मला तिनं झाडाखाली पोत्यावर बसवलं, रॉकेलचा डबा पुढ्यात ठेवला आणि माझ्या ठाण्याची सगळी मॅगझिनं खोलून धुवायला लावली. मी म्हटलं, मेजर, मी पीएसआय आहे. ती म्हणाली, ते ठाण्यात. इथं तुम्ही तेलवाले. जिल्हाभर मी अजूनही ‘खोबरेल साहेब’ आहे. केस गेले, नाव राहिलं.

ही राठोड मेजर. हवालदाराला आमच्याकडे मेजर म्हणतात, बाई असली तरी मेजरच. मुख्यालयातल्या शस्त्रागाराची, म्हणजे आमच्या भाषेत कोतची, ती आर्मरर होती. दिग्रसकडच्या एका तांड्यातली. तिच्या घरादाराबद्दल मला फार माहीत नाही आणि विचारायची हिंमतही कधी झाली नाही, कारण बाई चोवीस तास रागावलेली असायची. कोणावर, हे महत्त्वाचं नव्हतं. लोक सकाळी उठून चहा पितात तशी ती रागावायची. रागाची पायरी भाषेवरून ओळखायची. वऱ्हाडी चालू असेल तर सगळं ठीक. हिंदी सुरू झाली की समोरच्यानं टोपी नीट करावी. आणि पिस्तुलाशी ती हळू आवाजात गोरबोलीत, तिच्या तांड्याच्या भाषेत, बोलायची. ते एकदाच ऐकलं मी; अर्थ कळला नाही, पण त्यात राग नव्हता एवढं कळलं.

अडलेल्या पिस्तुलाला कागदोपत्री ‘स्टॉपेज’ म्हणतात. मेजर म्हणायची, घास अडकला. तिच्या लेखी पिस्तूल हे एक लेकरू होतं आणि मॅगझिन म्हणजे भरवणारा हात. स्प्रिंग खालून घास वर ढकलते, मॅगझिनचे ओठ तो धरून ठेवतात, स्लाइड पुढे येते आणि तो तोंडात सारते. आता लेकरानं घास घेतला नाही तर तुम्ही काय करता? लेकराच्या थोबाडीत मारता. मेजरचा सगळ्या खात्यावर राग होता तो यावरच. पिस्तूल अडलं की जो तो पिस्तुलाला शिव्या देतो, नाहीतर ते धरणाऱ्या शिपायाला. हाताकडे कोणी पाहत नाही. “पयले हात पाहा,” हे ती दिवसातून दहादा म्हणायची, आणि त्याचा अर्थ एवढाच असायचा की पहिल्यांदा मॅगझिन बदला. दुसऱ्या मॅगझिननं तेच पिस्तूल चाललं तर पिस्तूल निर्दोष, घरी जाऊ द्या त्याला.

यासाठी कुठलं मॅगझिन कुठल्या पिस्तुलाचं हे कळायला हवं. म्हणून तिनं जिल्ह्यातल्या सगळ्या मॅगझिनांना नेलपॉलिशचे ठिपके लावले होते. लाल, गुलाबी, मोरपंखी. यवतमाळच्या बाजारात जाऊन ही बाई नेलपॉलिश घ्यायची, स्वतःच्या पैशानं, आणि दुकानदार म्हणायचा, ताई, हा रंग तुम्हाला शोभेल. एका तपासणीत वरच्या साहेबांनी विचारलं, सरकारी मालमत्तेवर हा काय सौंदर्यप्रसाधनाचा प्रकार. मेजर हिंदीत गेली. साहेबांनी विषय बदलला.

आता तिचं फार गुणगान होऊन राहिलंय, तेव्हा तिची एक चूक सांगतो. बोरी अरबचा एक शिपाई होता, अंगानं काडी. त्याचं पिस्तूल हटकून अडायचं. दुसरं मॅगझिन लावून पाहिलं, तरी अडलं. मेजरनं निदान केलं की याच्या मनगटात जोर नाही. हात ढिला राहिला तर पिस्तूल हातासकट मागे येतं, स्लाइडला पुरता झटका बसत नाही आणि पुढची गोळी अर्ध्यातच लटकते. निदान पुस्तकाप्रमाणं बरोबर होतं. तिनं त्या गड्याला हात लांब करून पाण्यानं भरलेला तांब्या धरून उभं राहायची सवय लावली. आठवडाभर मुख्यालयात सकाळी तो बिचारा तांब्या धरून उभा, आणि येणारे-जाणारे विचारत, काय गा, जागा नाही सापडली का अजून. आठवड्यानं त्याचं पिस्तूल मेजरनं स्वतः चालवलं. तिच्याही हातात अडलं. नळीखालची स्प्रिंग म्हातारी झाली होती, आणि ती बदलायचं काम मेजरचंच होतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीला ती सगळ्यांसमोर उभी राहिली. “स्प्रिंग माह्यी. चूक माह्यी. याच्या मनगटाले आता कोनी हात लावला तर माह्याशी गाठ हाय.” एवढं म्हणाली आणि गेली. त्या दिवसापासून तिच्या डब्यातली अर्धी भाकर त्या पोऱ्याची. पण बोलायची त्याच्यावर रागावूनच.

हे मी का सांगितलं, तर खात्यात मी पुष्कळ वर्षं काढली, आणि ‘चूक माझी’ हे शब्द हजेरीच्या रांगेसमोर मी त्या एकाच वेळी ऐकले.

पुढे माझी बदली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्यात झाली. नाव सांगत नाही. तिथले तेव्हाचे ठाणेदार आता बरेच मोठे झाले आहेत. धार्मिक माणूस. दसऱ्याला शस्त्रपूजा सगळीच ठाणी करतात, यांनी तिचा सोहळा केला. सतरंजीवर पिस्तुलं, त्यांच्या बाजूला काढलेली मॅगझिनं, आंब्याच्या पानांवर, तोंडं वर करून, देवासारखी. ठाणेदारांनी प्रत्येकाला कुंकू लावलं, समईतल्या तेलाचं बोट लावलं आणि मूठमूठ अक्षता टाकल्या. बाजूला पूजेचं ताट धरून एक जण उभा होता. तो मी. सोवळ्यात नव्हतो, पण चेहरा तसा ठेवला होता.

पूजा झाल्यावर साहेबांनी हुकूम दिला की पूजलेलं हत्यार कोजागिरीपर्यंत कोणी पुसायचं नाही, उघडायचं नाही. कुंकू पुसणं अशुभ. दसरा ते कोजागिरी, पाच दिवस. सगळ्यांनी मान डोलावली. एकीनं नाही.

तिचं नाव प्रणिता मेश्राम. मारेगावकडची पोरगी, शिपाई, हातात सदा विभागीय परीक्षेचं पुस्तक. पीएसआय व्हायचं होतं तिला. तिनं साहेबांना विचारलं की मॅगझिनं तरी पुसून घेऊ का सर, तेल लागलं आहे. साहेब म्हणाले, तुम्हा लोकांना पूजेचं महत्त्व कळणार नाही. ‘तुम्हा लोकांना’. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं, आणि सतरंजीची घडी घालायला लागलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खबर आली की चोरीचं सागवान घेऊन एक पिकअप जंगलाच्या रस्त्यानं पांढरकवड्याकडे निघालीय. प्रणिता आणि एक होमगार्ड नाक्यावर पाठवले. ठाण्याच्या कोतमधून पिस्तूल तिच्या हातात दिलं ते कुंकवासकट. गाडी थांबली, चौघे उतरले, एकाच्या हातात कुऱ्हाड होती. तो होमगार्डवर धावला तसं प्रणितानं हवेत एक गोळी झाडली. चौघे पळाले. पाच-सहा पावलांवर जाऊन एकानं मागे पाहिलं. तिनं पुन्हा नेम धरला, ट्रिगर ओढला, टक. शिकवल्याप्रमाणं तिनं मॅगझिन खालून ठोकलं, स्लाइड ओढली, पुन्हा टक. तो ‘टक’ त्या चौघांनीही ऐकला. आणि ते परत आले.

होमगार्डचा खांदा कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला. प्रणितानं अडलेल्या पिस्तुलानंच एकाचं तोंड फोडलं म्हणून दोघं जिवंत राहिले. सागवान गेलं. ठाणेदारांनी वर कळवलं की महिला शिपाई घाबरली, हत्यार हाताळणीत निष्काळजीपणा केला. हा शेरा एकदा सेवापुस्तकात चढला की तिची परीक्षा संपली. प्राथमिक चौकशी माझ्याकडे दिली. का दिली ते मला तेव्हाच कळलं होतं. ज्यानं ताट धरलं तो मोडता कसा काय घालणार.

सीलबंद पिस्तूल घेऊन मी मुख्यालयात मेजरकडे गेलो. प्रणिता सोबत होती. मेजरनं सील तोडलं, गोळ्या काढून बाजूला ठेवल्या आणि सरावाच्या खोट्या गोळ्यांचा डबा काढला. पिस्तूल तेच, मॅगझिन दुसरं: खोट्या गोळ्या सरसर आत गेल्या. मग मॅगझिन तेच, पिस्तूल दुसरं: पहिली गेली, दुसरी अडली. ओठ तपासले, सरळ होते. मग तिनं माझ्या हातात एक स्टीलचं ताट दिलं, त्यावर पांढरं फडकं अंथरलं.

“धरा.”

मी धरलं. तिनं मॅगझिनची तळाची पट्टी सरकवली, स्प्रिंग काढली आणि मॅगझिन ताटावर आपटलं. आधी तेलात मळलेल्या कुंकवाची एक गोळी पडली. मग एक तांदूळ. स्प्रिंग आणि भिंत यांच्यामध्ये पाचर बसावी तसा तो बसला होता, एका बाजूनं घासून चपटा झालेला.

मेजरनं तो नखानं उलटवून पाहिला. मग म्हणाली, “कोनाचं लगन होतं?”

मी म्हटलं, दसऱ्याची पूजा.

“पूजा कोनं केली?”

ठाणेदार साहेबांनी.

“ताट कोनं धरलं?”

मी ताट धरूनच उभा होतो.

मग तिनं प्रणिताला विचारलं की मॅगझिन पुसलं काहून नाही. प्रणितानं कोजागिरीचा हुकूम सांगितला. ‘तुम्हा लोकांना’ हे तिनं सांगितलं नाही. ते मेजरनं बाकीच्यांकडून आधीच ऐकलं असावं, कारण ती जी उठली ती हिंदीवर न थांबता थेट गोरबोलीत गेली, आणि या खेपेला समोर पिस्तूल नव्हतं, मी होतो.

ठाण्यात परतलो तर साहेबांनी बोलावून घेतलं. गोड आवाजात म्हणाले, मॅगझिन साफ ठेवणं ही शिपायाची जबाबदारी असते, तेवढंच लिहा, खोटं काहीच लिहू नका. मला घरी बायको होती, बदलीची धास्ती होती, आणि त्या वर्षी चांगला गोपनीय अहवाल हवा होता. रात्री झोप न येता मी मोठ्या हुशारीनं एक वाक्य बनवलं: ‘सदर स्टॉपेजचे कारण निश्चितपणे सांगता येत नाही.’ ना पोरीवर आळ, ना साहेबांवर. मला माझं इतकं कौतुक वाटलं की मी ते मेजरला दाखवायला घेऊन गेलो. लोक पेढे द्यायला घेऊन जातात तसा.

तिनं चष्मा वर करून वाचलं, पाठीमागची बाजूही पाहिली.

“यात तांदूय कुठं हाय?”

मी समजावू लागलो की मेजर, याचा फायदा शेवटी पोरीलाच मिळणार, संशयाचा फायदा असतो तो. ती म्हणाली की संशय कोणाला आहे? मला नाही, तिला नाही, तुम्हाला नाही. मग संशय कोणाचा लिहून राहिले? कागद माझ्या छातीवर आपटून तिनं मला कोतबाहेर काढलं आणि दाराला आतून कडी घातली.

मी माझं वाक्य तसंच वर पाठवलं. तिनं स्वतःचा तपासणी अहवाल लिहिला. मी तो पुढे पाहिला. मॅगझिनमधून तेलात मळलेले कुंकू व तांदळाचा एक दाणा निघाला. दाणा सोबत जोडला आहे. तांदूळ सरकारी नाही. सदर ठाण्यात दसरा ते कोजागिरी हत्यार पुसण्यास तोंडी मनाई होती. शिपायाने पुसण्याची परवानगी मागितली होती. खाली सही, आणि काडेपेटीत तो दाणा.

मोठ्या साहेबांपुढे सुनावणी झाली तेव्हा ठाणेदार म्हणाले की या मेजरबाईंना आपल्या धर्मपरंपरेचीच चीड आहे. मेजर सावधानमध्ये उभी होती. म्हणाली, “मी दर दसऱ्याले पूजा करते साहेब. घरच्या जात्याचीबी करते. पन पूजा झाल्यावर जातं पुसून घेते, मंग दयते. नाहीतर लेकराच्या भाकरीत कुंकू जाते.” मोठ्या साहेबांनी काडेपेटी उघडली, पाहिली, बंद केली.

प्रणिताचा शेरा रद्द झाला. इथं गोष्ट संपली असती तर मी ती पेढे वाटून सांगितली असती. ठाणेदारांना काही झालं नाही. त्यांना हवं होतं ते ठाणं सहा महिन्यांत मिळालं. होमगार्डचा खांदा वाकडाच राहिला, आणि होमगार्ड असल्यामुळे त्याचं कोणी काही विचारलं नाही. मेजरला ‘प्रशासकीय कारणास्तव’ कोतवरून काढून बंदोबस्तात टाकलं. सभा, मिरवणुका, मोर्चे, उन्हात दोरी धरून उभं राहायचं. आयुष्यभर स्प्रिंगांशी बोललेली बाई. तिच्या जागी आलेल्यानं पहिलं काम काय केलं असेल? थिनर आणून सगळ्या मॅगझिनांचे ठिपके पुसले. मुख्यालय नीटनेटकं दिसायला लागलं. त्या वर्षीच्या सरावात किती पिस्तुलं अडली आणि किती शिपायांनी शिव्या खाल्ल्या हे मी पाहिलं आहे, आणि आजही ते आठवलं की मला जेवण गोड लागत नाही.

मला? मला चांगला गोपनीय अहवाल मिळाला.

तिला मी शेवटचं पाहिलं ते मुख्यालयातच, दसऱ्याला. मैदानात शस्त्रपूजा होती. फाटकावर मेजर उभी होती, हातात तो अंगावरून फिरवायचा मेटल डिटेक्टर, निवृत्तीला काही दिवस उरलेले. केस पांढरे, पण बांधणी तीच करकचून. माझ्यापुढे रांगेत खांद्यावर दोन ताऱ्यांची एक तरुण अधिकारी होती. प्रणिता. परीक्षा पास होऊन पीएसआय झालेली. मेजरनं तिलाही सोडलं नाही. तिच्या कमरेचं मॅगझिन मागून घेतलं, तोंडात करंगळीचं नख घातलं, उजेडात धरलं. मॅगझिनच्या बुडाशी मोरपंखी नेलपॉलिशचा ताजा ठिपका होता. मेजरनं तो अंगठ्यानं चोळून पाहिला, मॅगझिन परत दिलं आणि रागावूनच म्हणाली की रंगाचे दोन हात द्यायचे असतात, एकानं टिकत नाही. प्रणितानं खाडकन सलाम ठोकला. वरिष्ठानं कनिष्ठाला ठोकलेला सलाम मी तो एकच पाहिला.

माझा नंबर आला. मला भरून वगैरे आलं होतं, आणि अशा वेळी मी हमखास तोंड उघडतो. म्हटलं, मेजर, पाहा, पोरगी कुठं पोचली. शेवटी आपण दोघांनी मिळून वाचवलं तिला.

डिटेक्टर माझ्या छातीपाशी थांबला. चष्म्याच्या वरून तिनं मला टकलापासून बुटापर्यंत पाहिलं.

“तुमी ताट धरलं होतं, साहेब,” ती म्हणाली. “दोन्ही खेपेले.”